अरफातचे मैदान: हजयात्रेच्या आध्यात्मिक अनुभवाविषयी

इस्लामच्या पाच आधारस्तंभांत गणल्या गेलेल्या हजचे नाव निघताच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काबा उभा राहतो. किस्वा नावाच्या काळ्या रेशमी आच्छादनाने मढविलेली ती घनाकार वास्तू आणि तिच्याभोवती फिरणारा जनसमुदाय हे चित्र घरोघरच्या तसबिरींनी, दिनदर्शिकांनी आणि जानमाजवरील, म्हणजे नमाजाच्या आसनावरील, नक्षीने इतके रुजविले आहे की हज म्हणजे काब्याचे दर्शन अशी समजूत मुसलमानेतरांत सरसकट आणि पुष्कळ मुसलमानांतही आढळते. धर्मशास्त्राचा निर्णय मात्र निराळा आहे. मक्केपासून सुमारे वीस किलोमीटरवर अरफात नावाचे मैदान असून तेथे पुजावी अशी कोणतीही वस्तू नाही, गाभारा नाही, समाधी नाही. आणि तरीही जिल्हिज महिन्याच्या नवव्या दिवशी दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत, अगदीच अडचण आली तर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत, त्या मैदानात क्षणभर का होईना हजर राहणे हा हजचा असा अंश आहे की तो चुकला तर त्या वर्षीचा हजच चुकला. इतर अनेक विधींतील उणीव कुर्बानी देऊन भरून काढता येते आणि तवाफे जियारत हा काब्याभोवतीच्या फेऱ्यांचा अनिवार्य विधीदेखील थोडा मागेपुढे होऊ शकतो. अरफातचा दिवस गेला की यात्रेकरूला पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. प्रस्तुत व्याख्यानात हजच्या अनुभवाचा विचार या उघड्या मैदानाला केंद्रस्थानी ठेवून केला आहे, कारण मक्का आणि मदिना या पवित्र नगरांच्या यात्रेतून माणसाला काय लाभते या प्रश्नाचे उत्तर तेथे सर्वांत स्पष्ट मिळते.

हा विचार जबलपुरात करण्यास इतिहासाचा आधार आहे. १७९८ ते १८१७ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेले आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडणारे हे शहर समुद्रापासून फार दूर असले, तरी हिंदुस्थानातील हजयात्रेच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा त्यातून जातो. मोगल काळी उत्तरेकडील यात्रेकरू खुष्कीच्या मार्गाने सुरतेस येत आणि तेथून जहाजाने निघत. म्हणूनच सुरतेला 'बाबुल मक्का', म्हणजे मक्केचे द्वार, असे नाव पडले होते. पुढे हा मान मुंबईकडे गेला, पण गंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला, विणकराला किंवा मदरशातील गरीब शिक्षकाला मुंबई गाठणे हेच महिनोन्‌महिन्यांचे संकट होते. १८६७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचा अलाहाबादहून येणारा फाटा जबलपूरपर्यंत पोचला आणि मार्च १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून येणारा मार्ग त्याला येथे येऊन मिळाला, तेव्हा कलकत्ता आणि मुंबई ही दोन्ही शहरे लोहमार्गाने प्रथमच जोडली गेली. बंगाल, बिहार आणि अवध येथील यात्रेकरूंना आता जबलपूर, इटारसी, भुसावळ या मार्गाने काही दिवसांत मुंबईच्या बंदरावर उतरता येऊ लागले.

या सोयीचा परिणाम अध्यात्माच्या इतिहासावरही झाला, ही गोष्ट रेल्वेच्या इतिहासकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. हज ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच अनिवार्य आहे. जाण्यायेण्याचा खर्च, मागे राहिलेल्या कुटुंबाची तरतूद आणि मार्गाची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्या ऐपतीत येतात. ज्याच्यापाशी हे नाही त्याच्यावर शास्त्राचे कोणतेही बंधन नसताना तो निघत असे, आणि रेल्वे व आगबोट यांमुळे अशांची संख्या वाढली. इंग्रज सरकारच्या दप्तरी हे 'निर्धन यात्रेकरू' म्हणजे एक प्रशासकीय डोकेदुखी होती, कारण परतीच्या भाड्याचे पैसे नसल्याने ते जिद्दा बंदरात अडकून पडत. मुंबईतील प्लेगमुळे १८९७ मध्ये यात्रा थांबविण्यात आली, तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर विलगीकरणाची सक्ती झाली, आणि १९२०च्या दशकात परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम आधी भरण्याचा नियम करण्यात आला. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हे सर्व योग्यच होते. तथापि ज्या माणसाला जाण्याची आज्ञा नाही, जाण्याचे साधन नाही आणि जो तरीही घर सोडतो, त्याच्या मनातील ओढ कशाची होती हा प्रश्न त्या दप्तरांत कोठेही विचारलेला दिसत नाही. हजच्या अनुभवाचा अभ्यास खरे तर येथून सुरू व्हावयास हवा.

ती ओढ यात्रेच्या तयारीत दिसते. हजला निघणाऱ्याने आधी कर्जे फेडावीत, ठेवी परत कराव्यात, मृत्युपत्र करावे आणि ज्यांना दुखविले असेल त्यांची क्षमा मागावी अशी शिकवण आहे, आणि उत्तर व मध्य हिंदुस्थानातील मुसलमान वस्त्यांत ती आजही पाळली जाते. हजला निघालेला वृद्ध मोहल्ल्यात दारोदार जाऊन 'कहा-सुना माफ करना' असे म्हणतो. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही त्याच्याही दारी जातो. समोरचा क्षमा करतो आणि त्याच वेळी काही मागतो: मुलीच्या लग्नासाठी, आजारी नातवासाठी तेथे दुआ करावी, मदिनेत रौज्यापाशी, म्हणजे पैगंबरांच्या समाधीस्थानी, आपला सलाम सांगावा. अशा रीतीने निघण्यापूर्वीच यात्रेकरू एकटा राहत नाही. जे कधीच जाऊ शकणार नाहीत अशा अनेकांचा तो प्रतिनिधी होतो. पंढरीस जाणाऱ्या वारकऱ्याजवळ न येऊ शकणारे शेजारी विठ्ठलासाठी निरोप देतात ही गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा भाव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुष्कळ यात्रेकरू आपले कफन बरोबर नेतात आणि मक्केतील जमजम विहिरीच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आणतात. ते पुढे घरच्या पेटीत असते.

हजच्या प्रवासवर्णनांत भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम यांच्या ग्रंथाचे स्थान फार वरचे आहे. १८५७ च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या या कर्तबगार शासक स्त्रीला लॉर्ड कॅनिंग यांनी १८६१ च्या जानेवारीत जबलपूर येथेच भरविलेल्या दरबारात बेरसिया परगणा बहाल केला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत त्या आई कुदसिया बेगम यांना आणि मोठ्या लवाजम्याला घेऊन हजला निघाल्या आणि जानेवारी १८६४ मध्ये जिद्दा येथे उतरल्या. त्यांनी उर्दूत लिहिलेल्या वृत्तान्ताचे इंग्रजी भाषांतर, त्यांच्या निधनानंतर, १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. भक्तीच्या उमाळ्याची अपेक्षा ठेवून हा ग्रंथ उघडणाऱ्या वाचकाचा विरस होण्याचा संभव आहे, कारण त्यात जकातीवरून झालेले तंटे आहेत, सामानाची लूट आहे, नजराण्यांची अपेक्षा धरणारा मक्केचा शरीफ, म्हणजे तेथील प्रमुख, आहे, दानशूर आईभोवती जमणारी याचकांची गर्दी आहे, आणि शहराच्या अस्वच्छतेवर एका प्रशासकाने मारलेले कठोर ताशेरे आहेत. काही अभ्यासकांनी यावरून असा निष्कर्ष काढला आहे की बेगम यांचा दृष्टिकोन धार्मिकापेक्षा राजकीय होता. तो निष्कर्ष एकांगी वाटतो. ज्या भूमीवर श्रद्धा आहे तेथील कारभाराचे दोष तिला स्पष्ट दिसतात आणि तरीही ती सर्व विधी पूर्ण करून परतते, ही श्रद्धेची उणीव म्हणता येणार नाही. पवित्र नगर हेही नगरच असते, तेथे घाण असते, लाच असते, आणि हे मान्य करूनही जी श्रद्धा टिकते ती अधिक भक्कम असते. बेगम यांनी मदिनेचा प्रवास मार्गातील लुटारू टोळ्यांच्या भयाने टाळला. त्यांची नात सुलतान जहाँ बेगम १९०३ मध्ये हजला गेली तेव्हा तिने मदिनाही गाठली आणि तिनेही आपला वृत्तान्त लिहून ठेवला.

विधींचा क्रम थोडक्यात असा आहे. मीकात या ठरलेल्या सीमेवर, हिंदुस्थानातून समुद्रमार्गाने जाणाऱ्यांसाठी ती यलमलम ही होती, यात्रेकरू इहराम धारण करतो. इहराम म्हणजे पुरुषांसाठी न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी आणि त्याबरोबर येणारी व्रतस्थ अवस्था: शिकार नाही, सुगंध नाही, केस-नखे कापणे नाही, भांडण नाही, कामविषयक बोलणे नाही. स्त्रिया नेहमीचा शिवलेला वेश ठेवतात, मात्र चेहऱ्याला चिकटेल असे आच्छादन घेत नाहीत. या क्षणापासून 'लब्बैक' हा घोष सुरू होतो. यात्रेकरू वारंवार ईश्वराला सांगत असतो की तू बोलाविलेस आणि मी हजर झालो. मक्केत पोचल्यावर तवाफ, म्हणजे काब्याभोवती सात फेरे. नर्मदेच्या काठी वसलेल्या या शहरात प्रदक्षिणेचा अर्थ नव्याने सांगावा लागत नाही. ग्वारीघाटावरून जाणारे परकम्मावासी येथे नित्य दिसतात, आणि गो. नी. दांडेकर, जगन्नाथ कुंटे यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांच्या घरांतही ती वाट पोचली आहे. दोहोंतील एक भेद विचारात घेण्याजोगा आहे. परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला राहते आणि ती ओलांडावयाची नसते. तवाफात काबा डाव्या हाताला, हृदयाच्या बाजूस, राहतो. परिक्रमेचे केंद्र वाहते आहे, दर वळणावर त्याचे रूप बदलते आणि चालणाऱ्याला ते नित्य नवे दिसते. तवाफाचे केंद्र अचल आहे, त्यात पाहण्यासारखे काही बदलत नाही, आणि म्हणून फिरणाऱ्याचे लक्ष हळूहळू वास्तूवरून निघून आपल्या पायांच्या लयीवर आणि ओठांवरच्या प्रार्थनेवर येते. गर्दीत रेटला जाणारा माणूस आपली गतीही स्वतः ठरवू शकत नाही, हे पुष्कळ यात्रेकरूंनी तक्रारीच्या सुरात सांगितले आहे, तर काहींनी त्यालाच प्राप्ती म्हटले आहे.

त्यानंतरची सई अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा जाणे म्हणजे सई. त्यामागील कथा हाजरा या स्त्रीची आहे. हजरत इब्राहिम यांनी तिला आणि तान्ह्या इस्माईलला निर्जल खोऱ्यात ठेवले. जवळचे पाणी संपले, मूल तहानेने तळमळू लागले, आणि ती एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर धावत राहिली, कोठे काफिला दिसतो का, कोठे पाण्याची खूण दिसते का हे पाहत राहिली. शेवटी मुलाच्या पायांपाशी जमजमचा झरा फुटला. ज्या टेकड्यांवर ती शोधीत होती तेथे पाणी मिळाले नाही, आणि तरीही तिच्या त्या निष्फळ वाटणाऱ्या धावण्याचे विधीत रूपांतर झाले. एका एकाकी, घाबरलेल्या आईचे पाऊल जसे पडले तसे पाऊल टाकणे हे त्यानंतरच्या राजांनाही, विद्वानांनाही आणि सेनापतींनाही अनिवार्य झाले, याचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच. काबा इब्राहिम यांचा, झरा ईश्वराचा; श्रम मात्र हाजरेचे, आणि हजमध्ये त्या श्रमालाच उपासनेचे स्थान मिळाले आहे. पुरुष यात्रेकरू दोन हिरव्या खुणांमधील भागात धावतात, स्त्रियांना धावणे आवश्यक नाही. एका स्त्रीचे धावणे पुरुषांवर सोपविलेले आहे.

आठव्या दिवशी यात्रेकरू मिना येथील तंबूंत मुक्काम करतात आणि नवव्या दिवशी अरफातला जातात. तेथे करावयाचे ते वुकूफ, म्हणजे थांबणे, उभे राहणे. फेरे नाहीत, पाठ करावयाचे ठरलेले शब्द नाहीत, स्पर्श करावयाचे काही नाही. दुपारचे दोन्ही नमाज एकत्र करून दिवसाचा उरलेला भाग मोकळा ठेवलेला असतो, आणि त्या वेळात माणसाने आपल्या भाषेत, आपल्या तोंडाने, आपले जे आहे ते मागावे. पुष्कळजण घरून निरोपांची यादी घेऊन गेलेले असतात, आणि दारोदार घेतलेले ते निरोप येथे पोचते होतात. ज्याला वर्षभर नमाजातील अरबी वचने पाठ आहेत पण आपल्या दुःखाविषयी दोन वाक्ये बोलण्याची सवय नाही, त्याच्यासाठी ही मोकळीक अत्यंत अवघड ठरते. आरंभी अवघडलेपण, मग कंटाळा, मग अकस्मात रडू अशा अवस्थांची वर्णने निरनिराळ्या काळांतील प्रवासवर्णनांत आढळतात. अकराव्या शतकात लाहोर येथे वास्तव्य केलेल्या अली हुज्वीरी यांनी 'कश्फुल महजूब' या फारसी ग्रंथात सूफी संत जुनैद बगदादी आणि हजहून परतलेला एक माणूस यांच्यातील संवाद दिला आहे. घर सोडताना पापे सोडलीस का, इहराम घालताना देहभाव उतरविलास का, अरफातमध्ये उभा असताना ईश्वराचे भान आले का, असे एकेक टप्प्याचे प्रश्न जुनैद विचारीत जातात आणि प्रत्येकाचे उत्तर नकारार्थी आल्यावर त्या माणसास पुन्हा जाऊन हज करण्यास सांगतात. इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये याच दिशेने जाऊन इहरामाची कफनाशी आणि अरफातच्या गर्दीची कयामतच्या दिवशीच्या मेळाव्याशी सांगड घातली. गझालींचे हे विवेचन मोलाचे असले तरी त्याचा अतिरेकही झाला आहे: प्रत्येक कृतीला एक गूढार्थ लावत गेल्यास अरफातचे खरे वैशिष्ट्य, म्हणजे तेथील रिक्तता, झाकली जाते. तेथे काही नसणे हेच तेथे जाण्याचे कारण आहे. दर्शनाची सवय झालेल्या मनाला त्या दिवशी दर्शनाला काही मिळत नाही, आणि मग आपण आणि आपला ईश्वर एवढेच उरते, सभोवती लाखो माणसे असली तरी.

सूर्यास्तानंतर मुजदलिफा येथे उघड्या आकाशाखाली रात्र काढून, खडे वेचून, दुसऱ्या दिवशी मिना येथील जमरातवर, म्हणजे सैतानाचे प्रतीक मानलेल्या भिंतींवर (पूर्वी हे स्तंभ होते), ते मारणे, कुर्बानी, मुंडण आणि तवाफे जियारत असा पुढचा क्रम आहे. याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

मदिना हा हजचा भाग नाही. ती जियारत, म्हणजे भेट, आहे. दक्षिण आशियातील सूफी व उलेमा, म्हणजे धर्मपंडित, यांच्या परंपरेने मक्केला जलालाचे, ईश्वरी दराऱ्याचे, आणि मदिनेला जमालाचे, ईश्वरी माधुर्याचे, नगर मानले. येथील यात्रेकरू मदिनेत बहुधा आठ दिवस राहून मशीद-ए-नबवीत चाळीस नमाज पूर्ण करतात. १९व्या व २०व्या शतकातील उर्दू नातकाव्यात, म्हणजे पैगंबरस्तुतीत, मदिनेच्या गल्ल्यांविषयी जी व्याकुळता आहे तिचा एक मोठा स्रोत बरेलीचे अहमद रझा खान (१८५६-१९२१) यांचा 'हदाइके बख्शिश' हा संग्रह आहे. त्यांनी दोन वेळा हज केला, आणि जबलपूरशी त्यांचा निकटचा संबंध होता. येथील मौलाना अब्दुस्सलाम आणि त्यांचे पुत्र मुफ्ती बुरहानुल हक हे दोघेही त्यांचे खलिफा, म्हणजे अधिकारप्राप्त शिष्य, होते. त्यांच्या जबलपूर-भेटीतील एक प्रसंग त्यांच्या अनुयायांत सांगितला जातो. नर्मदेत नावेतून जाताना दोन्ही बाजूंचे पहाड पाहून त्यांनी सोबत्यांना कलमा, म्हणजे श्रद्धेचे वचन, म्हणण्यास सुचविले, म्हणजे हे पहाड आपल्या श्रद्धेचे साक्षी होतील. काब्याच्या कोपऱ्यातील हजरे असवद, म्हणजे काळा दगड, कयामतच्या दिवशी यात्रेकरूंच्या बाजूने साक्ष देईल अशी श्रद्धा आहे. तीच श्रद्धा येथे भेडाघाटच्या परिसरातील दगडांपर्यंत आली. पवित्रता मक्केत संपून जात नाही आणि घरची भूमीही साक्ष देण्यास पात्र आहे, हा त्या प्रसंगाचा अर्थ महत्त्वाचा मानावा लागतो.

भारतातून समुद्रमार्गाने होणारी हजयात्रा १९९५ मध्ये बंद झाली आणि जहाजावरचे ते दिवस, ज्यांत यात्रेकरूचे मन हळूहळू घरापासून सुटत असे, नाहीसे झाले. विमानात इहराम घालून बसलेला माणूस काही तासांत जिद्द्याला उतरतो. वेळ वाचला, हाल कमी झाले, मृत्यूही पुष्कळ कमी झाले; याविषयी खंत करणे अन्यायाचे होईल. परंतु मक्केत अज्याद हा उस्मानी काळातील किल्ला २००२ मध्ये पाडून त्या जागी सहाशे मीटर उंचीचा घड्याळ-मनोरा आणि महागडी हॉटेले उभी राहिली. ज्या यात्रेत राजा आणि रंक एकाच वेषात उभे राहावयाचे, तेथे खिडकीतून काबा दिसणाऱ्या खोलीची किंमत ठरू लागली, ही गोष्ट वेदनादायक आहे आणि ती तशी म्हणावयास संकोच करण्याचे कारण नाही. त्या मानाने अरफात अद्याप बरेचसे वाचले आहे, याचे कारणही कदाचित तेथे विकण्याजोगे दृश्य नाही हे असावे.

परतलेल्या यात्रेकरूत काय पालट होतो याविषयी एक भक्कम अभ्यास उपलब्ध आहे. २००६ च्या हजसाठी पाकिस्तानात सोडत काढून परवाने देण्यात आले होते. डेव्हिड क्लिंगिंगस्मिथ, आसिम ख्वाजा आणि मायकेल क्रेमर यांनी सोडतीत नाव निघालेल्या आणि न निघालेल्या अशा सुमारे सोळाशे अर्जदारांची तुलना करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. हज करून आलेल्यांत नमाज-रोज्यांचे पालन वाढले. ताविजासारख्या स्थानिक रूढींवरील विश्वास घटला. इतर देशांतील आणि पंथांतील मुसलमानांविषयी, तसेच मुसलमानेतरांविषयीही, सद्भाव वाढला, आणि स्त्रीशिक्षणाविषयी अनुकूलता वाढली. सोडतीमुळे दोन्ही गटांच्या मूळच्या श्रद्धेत फरक नव्हता, म्हणून हा बदल यात्रेमुळेच झाला असे म्हणता येते. सद्भावाची वाढ अरफातच्या अनुभवाशी सुसंगत आहे. निरनिराळ्या वर्णांच्या आणि भाषांच्या माणसांत एकाच वेषात दिवसभर उभे राहिलेल्या माणसाला परकेपणाची जुनी मापे पुन्हा लावणे जड जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांनी १९६४ मध्ये मक्केहून पाठविलेल्या पत्रांत गोऱ्या मुसलमानांबरोबर एका ताटात जेवल्याचा जो परिणाम नोंदविला तो याच प्रकारचा होता.

स्थानिक रूढींवरील विश्वास घटतो हा निष्कर्ष मात्र मध्य हिंदुस्थानासारख्या, दर्ग्यांच्या आणि उरुसांच्या प्रदेशात थोडा थांबून वाचावा लागतो. मक्केचा अनुभव घेऊन आलेला हाजी गावच्या दर्ग्याकडे पाठ फिरवील काय, अशी भीती काहींना वाटते आणि काहींना तशी आशा वाटते. जबलपूरच्या ज्या उलेमा-घराण्याचा उल्लेख वर आला, त्याने मक्का-मदिनेची ओढ आणि येथील वलींविषयीचा, म्हणजे संतांविषयीचा, आदर या दोहोंत विरोध मानला नाही, आणि येथील पुष्कळ साध्या हाजींचाही कल तसाच दिसतो: ते जमजमचे पाणी आणि अजवा खजूर आधी शेजाऱ्यांत वाटतात, ज्यांनी निरोप दिले होते त्यांच्या घरी जाऊन ते पोचविल्याचे सांगतात, आणि पुढच्या उरुसाला पूर्वीसारखेच हजर राहतात.